शुगरची गोळी

भाचीला डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची गोळी सुरू केली, तेव्हा मी पटकन बोलून गेलो, "अगं, ही तर माझी शुगरची गोळी! मूल होण्याशी हिचा काय संबंध?" तिला पीसीओडी आहे. "असतो संबंध, मामा," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. तो आवाज दोन दिवस कानातून जाईना. मग वाचायला बसलो. (आम्ही पडलो मराठी माध्यमाचे बी.ए. 'पायरुवेट' जिभेवर बसायलाच एक सकाळ गेली!)

माझी समजूत अशी की प्रत्येक पेशी आपापलं ग्लुकोज जाळते. विज्ञानाचा तास कधी अंगावर पडला तर वर्गातही तसंच सांगितलं. स्त्रीबीज मात्र वेगळं निघालं. त्याला ग्लुकोज स्वतःहून फारसं वापरता येत नाही. त्याच्याभोवती क्युम्युलस पेशींचा पुंजका असतो. त्या ग्लुकोज घेतात, त्याचं पायरुवेट करतात आणि बारीक जोडमार्गांतून बीजाला देतात. आजी घास मऊ करून भरवते ना, तसं! १९६७ साली उंदराच्या उघड्या बीजांना नुसतं ग्लुकोज दिलं तर ती पक्व होईनात, पायरुवेटवर झाली. भोवतीच्या पेशी राहू दिल्या तर ग्लुकोजवरही झाली.

आता या पेशींचं दार उघडतं कसं? इन्सुलिन बाहेरून कडी वाजवतं. आत पीआय-थ्री-कायनेज हे विकर जागं होतं, ते एकेटी नावाच्या दुसऱ्या विकराला उठवतं आणि ग्लुकोज जास्त आत येऊ लागतं. २०१२ च्या एका अभ्यासात पहिलं विकर रसायनाने अडवलं, तर इन्सुलिन असूनही तो जादा पुरवठा थांबला. आणि खुद्द बीज? इन्सुलिन ओळखण्याची सामग्री त्याच्यापाशी आहे, पण इन्सुलिन दिलं म्हणून ते जास्त ग्लुकोज घेत नाही. भिस्त सगळी शेजाऱ्यांवर.

पीसीओडीत पुष्कळदा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. म्हणून ती गोळी. मी मात्र संबंधच काय, असं विचारून बसलो होतो...

काल तिला फोन केला. क्युम्युलसपासून सुरुवात केली, तर म्हणाली, "मामा, हे सगळं वाचून झालंय माझं." मग शास्त्र बाजूला ठेवलं आणि चुकलो म्हणालो. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "तुमची आजची गोळी घेतलीत का?"

घेतली नव्हती.