मामूंच्या गिटारमधली फूटपट्टी

गेल्या ईदनंतर मुमानींचा फोन आला. "छप्पर उतरवतोय. माळ्यावर त्यांची गिटार आहे, नेतोस का? भंगारवाला मागतोय, पत्रा आहे म्हणून."

भंगारवाल्याचं फारसं चुकलं नव्हतं. साध्या गिटारच्या पोटाला जिथे गोल भोक असतं, तिथे या गिटारला ताटाएवढं जाळीदार, चकचकीत झाकण असतं. त्याच्याखाली पातळ ॲल्युमिनियमचा शंकू. हिला रेझोनेटर गिटार म्हणतात. मामू बोटीवर नोकरीला होते. आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावांत बहुतेक घरांतला एक तरी माणूस बोटीवर नाहीतर आखातात. 1989 साली मामू एका सफरीवरून परतले, ते ही कोरियात बनलेली गिटार खांद्याला लावून.

या वाद्याची गोष्ट मला नंतर कळली. 1920च्या दशकात अमेरिकेतल्या नाचगाण्याच्या बँडमध्ये ढोल आणि पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच जायची नाही. विजेवरची गिटार अजून बाजारात यायची होती. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशांप नावाच्या वादकाने जॉन डोपेरा या कारागिराला गाठलं. डोपेरा स्लोव्हाकियातून आलेला. त्याने गिटारच्या पोटात धातूचे शंकू बसवले. तार छेडली की घोडी हलते, घोडीखालचा शंकू हलतो, आणि लाऊडस्पीकरसारखा आवाज बाहेर फेकतो. 1927 साली नॅशनल ही कंपनी निघाली. पुढे डोपेरा भाऊ त्यातून बाहेर पडले आणि त्यांनी 'डोब्रो' काढली. डोपेरा आणि ब्रदर्स मिळून डोब्रो, आणि स्लोव्हाक भाषेत 'डोब्रो' म्हणजे चांगलं.

म्हणजे हे वाद्य जन्माला आलं तेच सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. आणि आमच्या घरात ते वाजायचं, ते कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. नानांना गाणं-बजावणं पसंत नव्हतं. मामू त्यांच्याशी वाद घालत नसत. इशाची नमाज झाली, नाना झोपले, की मागच्या खोलीचं दार लावून, तारांखाली रुमाल खुपसून ते वाजवत. मांडीवर आडवी गिटार, हातात लोखंडी कांडी. व्हॅन शिप्लींच्या रेकॉर्ड ऐकून बसवलेली सिनेमाची गाणी. मी दाराशी बसून ऐकायचो. रुमालातूनही एक खडखड यायचीच, डब्यात चमचा राहून गेल्यासारखी.

गिटार घरी आणली आणि सुट्टीत एक दिवस उघडायला बसलो. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाने स्क्रूड्रायव्हर घेऊन बसावं हे बायकोला पटलं नाही, पण ती काही बोलली नाही. सगळ्या तारा थोड्याथोड्या करून सैल केल्या. टेलपीस काढलं, झाकणाचे स्क्रू काढले. आत खाऱ्या हवेने शंकूवर पांढरी भुकटी धरलेली. शंकूचा मधला भाग खाली दबलेला. शंकूच्या टोकावर लाकडाची एक चकती असते, तिला बिस्किटच म्हणतात. तिच्या खाचेत घोडीची उभी पट्टी बसते. ही पट्टी मॅपलसारख्या कडक लाकडाची हवी.

मामूंच्या गिटारमधली पट्टी पिवळट, मऊ लाकडाची होती. पुसली, तर तिच्यावर आकडे दिसले. 11, 12, 13, 14, 15. मध्ये मिलिमीटरच्या बारीक रेघा. ती माझी फूटपट्टी होती.

मग सगळं आठवलं. बोटीवरून येताना मूळ पट्टी तुटली होती. मी तेव्हा पाचवीत. मामूंनी माझं दप्तर उघडलं, फूटपट्टी बिस्किटाच्या खाचेत घालून बघितली, ती बरोबर बसली. "पुढच्या सफरीत तुला कंपासपेटी आणतो," म्हणाले. कंपासपेटी आणली. गिटारची पट्टी मात्र आणली नाही. मऊ लाकडात तारा रुतत गेल्या, खाचा रुंद झाल्या. त्या रुंद खाचांत तारा थरथरायच्या, त्यातूनच ती खडखड.

शंकू आणि बिस्किट दुबईहून भाच्याने आणून दिलं. शंकू साडेनऊ इंचांचा, यंत्रावर फिरवून घडवलेला, जुन्यापेक्षा हलका. पण पट्टी तासायची आणि मानेच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती हाडाची पट्टी बदलायची, हे माझ्या हातचं नव्हतं. एसटीने आंबा घाट चढून मी मिरजेला गेलो.

मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम संपत आलं, तेव्हा फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांचं काम हाती घेतलं. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन आहे. मी ज्या चाचांकडे गेलो त्यांनी अशी गिटार पूर्वी पाहिली नव्हती. त्यांनी गिटार कानाशी धरली, बोटाने ठिकठिकाणी टिचक्या मारल्या, नवी आणि जुनी पट्टी शेजारी ठेवून पाहिली.

मी म्हटलं, "चाचा, तंबोऱ्याच्या घोडीवर तुम्ही मुद्दाम जवारी काढता. मग ही खडखड वाईट कशी?"

ते हसले. "मास्तर, जवारीत तार घोडीला विचारून बोलते. इथे तार बोलते वेगळं आणि लाकूड बोलतं वेगळं."

त्यांनी प्रत्येक तारेची खाच तिच्या जाडीएवढीच कोरली, खोली अगदी थोडी, म्हणजे तार बसेल पण अडकणार नाही. घोडीवरून तार खाली वळते त्या कोनाकडे त्यांचं सगळं लक्ष. कोन कमी पडला तर शंकूवर दाब येत नाही आणि तार नाचते. जास्त झाला तर शंकू खचतो. मांडीवर ठेवून वाजवायची म्हणून मानेकडे तारा उंच ठेवल्या, कांडी पडद्यांना लागू नये इतक्या. शंकू बसला आहे ती आतली कडा एका जागी उंच होती, ती घासून सपाट केली. तारा चढवल्यावर शंकूतून कटकट आवाज आले. मी घाबरलो. "बसतोय तो," चाचा म्हणाले. "दोन-चार दिवस सुरात लावत राहा."

आठवड्याने गिटार घेऊन मुमानींकडे गेलो. मला फार येत नाही. मामूंचं एक गाणं तेवढं बसवलं होतं, तेच वाजवलं. सवयीने आधी दार लावलं होतं. आवाज असा निघाला की भिंतीवरचं घड्याळ थरथरलं. खडखड अजिबात नव्हती. वाजवता वाजवता मनात आलं, मुमानी आता म्हणतील, हा त्यांचा आवाज नाही. तीस वर्षं त्यांनी ती खडखडच तर ऐकली होती.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ते नेहमी सांगायचे, हिचा खरा आवाज तू अजून ऐकलाच नाहीस. सामान आणलं की ऐकवतो."

"मग आणलं का नाही?"

"2001 साली पैसे बाजूला काढले होते. सगळं सामान एकदम मागवणार होते. तेवढ्यात तुझा बीएडला नंबर लागला."

माझी फी मामूंनी भरली हे मला माहीत होतं. कुठल्या पैशांतून भरली, हे मी चोवीस वर्षांत विचारलं नव्हतं. मामूंनीही सांगितलं नव्हतं. त्यानंतरही ते रात्री वाजवत राहिले, माझ्या फूटपट्टीवर, त्याच खडखडीसह.

मला काही बोलता येईना. मी तारांकडे बघत बसलो. दोन तारा उतरल्या होत्या, त्या सुरात लावल्या.

मुमानी उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. "पुन्हा वाजव," म्हणाल्या. "आणि रुमाल नको लावूस."