पाठीवरचें ओझें

कराडच्या प्रीतिसंगमावर कोयनेला पोटाशीं धरून कृष्णामाई सातारा जिल्ह्यांतून सांगलीकडे वळते, आणि तिच्या दोन्ही तीरांवर उसाचें हिरवें रान उभें राहतें. त्या रानांत आमचाहि एक लहानसा तुकडा आहे. परवां बांधावरून मीं तेथली फवारणी पाहिली. माणूस उसांत शिरलाच नाहीं. एका तरुणानें हातांतल्या पेटीवरच्या कळा फिरविल्या, आणि सहा पंख्यांचा ड्रोन गुणगुणत वर चढला. दहा लिटर औषध पोटांत घेऊन डोक्याहून उंच उसावर तो धुकें सोडीत गेला, व आठदहा मिनिटांत एकर उरकून पायांशीं येऊन बसला. पाठीवरच्या पंपानें याच कामाला दीडदोनशें लिटर पाणी लागे.

तो पंप आमच्याकडे वर्षानुवर्षें आबा वाहत. भरला म्हणजे पंधरासोळा लिटरांचा भार. उसाच्या पात्यांनीं हात चिरत, आणि वाऱ्यानें उडालेलें औषध त्यांच्याच तोंडावर येई. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं. तें वृत्त मीं वाचलें, हळहळलों आणि पान उलटलें. आबाहि तेंच काम करतात, हें मात्र मला सुचलें नाहीं.

परवां आबा माझ्याशेजारींच बसले होते. मीं म्हटलें, "आबा, सुटलांत एकदांचे!"

ते हंसले. "व्हय दादा, पाठ सुटली, पर तिच्यासंगट हजरी बी सुटली की."

मी गप्प झालों. २०२३ सालीं केंद्र सरकारनें महिला बचतगटांना पंधरा हजार ड्रोन पुरविण्याची योजना मंजूर केली. त्यांतून कांहीं घरांत मिळकत येईलहि. परंतु आबांच्या वयाला ती पेटी हातीं धरवणार नाहीं. तरीहि यंत्र नको, असें मला म्हणवत नाहीं. तें विष पुन्हां कोणाच्या पाठीवर द्यावें?

इंग्रजींत ड्रोन म्हणजे नर मधमाशी. हा नर मध गोळा करीत नाहीं. इतरांनीं साठविलेला खातो. असल्या कष्टाळू यंत्राला हें नांव पडावें, याचें मला हंसूं आलें होतें. घरीं परततांना तें मावळलें. आमच्या रानांत इतकीं वर्षें ड्रोन होताच. तो बांधावर उभा असे.

आबांच्या पाठीवरचें ओझें मला दिसलें तें उतरल्यावर. या हंगामापासून त्यांना उसाला पाणी पाजण्याच्या कामावर घ्यावयाचें ठरविलें आहे. तें दातृत्व नव्हे. जुन्या बाकीचा पहिला हप्ता होय.