शेपटीचं दुखणं

शॅमेलिऑनची शेपटी टोकाकडून काळी पडायला लागली, की माणसं त्याला घेऊन माझ्याकडे येतात. मी आधी पिंजऱ्याचे फोटो मागते. पिंजरा खोलीत कुठे आहे, एसीचा झोत कुठून येतो, दिवा जाळीपासून किती वर आहे, पाणी कधी फवारता, किती वेळ फवारता, रात्री खोलीत आर्द्रता किती असते? शेपटी बघायला दोन मिनिटं पुरतात, या प्रश्नांना मात्र बराच वेळ जातो. तो मी कधी वाचवत नाही, कारण काळं पडलेलं ते टोक बहुतेक वेळा काही आठवड्यांपूर्वीच्या हवेचा परिणाम असतं.

मी ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करते. पशुवैद्यकीचं पहिलं शिक्षण महाराष्ट्रात झालं, पण हे काम मी इथे आल्यावर शिकले. शहर वाळवंटात वसलेलं. उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या वर जातो, घराघरांत एसी रात्रंदिवस चालू असतो आणि घरातली हवा पार कोरडी होते. अशा घरांमध्ये शॅमेलिऑन पाळले जातात. त्यांत दोन जाती जास्त दिसतात. एक व्हेल्ड शॅमेलिऑन, येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला, डोक्यावर उंच तुरा असलेला. दुसरा मादागास्करच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्याकडचा पँथर शॅमेलिऑन. केनिया-टांझानियाच्या डोंगरांतला तीन शिंगांचा जॅक्सन शॅमेलिऑन क्वचित येतो. येमेन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाळू येते आणि ‘आमचा तर वाळवंटातलाच आहे’ असं मला ऐकवलं जातं. पण व्हेल्ड वाळूत राहत नाही. तो येमेनच्या डोंगरउतारांवर आणि हिरव्या दऱ्यांमधल्या झाडाझुडपांवर राहतो. तिथे दिवस कोरडा गेला, तरी रात्री दव पडतं, धुकं उतरतं.

पाळीव शॅमेलिऑनच्या आजारांचा अर्धा भाग मला या रात्रीच्या दवाच्या अभावात सापडतो. ते समजायला कात कशी सुटते हे आधी पाहायला हवं.

सरड्याच्या कातडीचा सर्वांत वरचा थर केराटिनचा, म्हणजे मेलेल्या पेशींचा. प्राणी वाढला तरी तो वाढत नाही. त्याच्याखाली नवा थर पुरा तयार होतो, मग जुन्या आणि नव्या थरांच्या मध्ये शरीरातला द्रव झिरपतो, त्यातली विकरं दोघांमधले बंध सोडवतात आणि जुना थर सुटतो. सापाची कात बहुधा एकसंध निघते, शॅमेलिऑनची तुकड्यातुकड्यांनी. वाढत्या पिल्लाची तीन-चार आठवड्यांनी, मोठ्याची काही महिन्यांनी. तब्येत चांगली असेल, तर एवढं सगळं एका दिवसात उरकतं. त्याच्या आधी तो फिक्कट, राखाडी दिसतो. हे रंग जाणं नव्हे, वरचा मेलेला पडदा आड आलेला असतो एवढंच. रंग त्याच्या बऱ्याच खाली असतात. जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिंकोविच यांच्या गटाने २०१५ साली दाखवून दिलं, की शॅमेलिऑनच्या त्वचेतल्या काही पेशींत ग्वानिनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते, आणि स्फटिकांमधलं अंतर कमीजास्त झालं की परावर्तित होणारा रंग बदलतो. त्या पेशी कातीबरोबर जात नाहीत. निघालेली कात हातात घेतली, तर ती पांढुरकी आणि रंगहीन असते.

कात टाकताना तो फांद्यांना अंग घासतो, तोंड वासतो, डोळ्याचा बुरूज इतका फुगवतो की पहिल्यांदा पाहणारा हबकतो. त्या दिवशी अन्नही टाकतो. यातल्या कशालाच औषध लागत नाही. ‘डोळा बाहेर आलाय’ म्हणून रात्री आलेल्या फोनवर मी व्हिडिओ मागवते आणि बहुतेकांना निवांत झोपायला सांगते.

अडचण येते ती कात अडकल्यावर, आणि ती अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: बोटं, तुऱ्याची कड, डोळ्याभोवतीची गोल त्वचा आणि शेपटीचं टोक. दोन थरांमधला तो द्रव शरीरातूनच यावा लागतो. प्राण्याच्या अंगातच पाणी कमी असेल तर द्रव पुरत नाही, आणि मग वरून कितीही फवारलं तरी फक्त मेलेली कातडी भिजते. म्हणून ‘कात टाकायला लागला की पाणी वाढवा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. पाणी हवं ते नवा थर खाली घडत असताना, म्हणजे रोज. अंगातलं पाणी विष्ठेबरोबर पडणाऱ्या युरेटवरून, म्हणजे लघवीच्या घट्ट भागावरून, कळतं. युरेट पांढरं असेल तर ठीक, बरंचसं नारिंगी व्हायला लागलं तर तहान मागे पडते आहे.

पाण्याखालोखाल अ जीवनसत्त्व. ते कमी पडलं की त्वचेच्या आणि डोळ्यांच्या पेशींचं रूपच बदलतं, पापण्या सुजतात, कात चिकटून बसते. शॅमेलिऑन भाजीतल्या बीटा कॅरोटिनपासून पुरेसं अ जीवनसत्त्व बनवू शकतात यावर विसंबू नये, थोड्या प्रमाणात ते तयार स्वरूपात द्यावं लागतं. पण थोड्याच. जास्त झालं, विशेषतः इंजेक्शनने, तर उलट चांगली कातडीच सोलून निघते. मी हे कुणाला अंदाजाने देऊ देत नाही. याखेरीज दिव्याने भाजलेली जागा, जुन्या जखमेचा वण, मूत्रपिंडाचा आजार हेही कात अडवतात. एकाच जागी पुन्हापुन्हा अडकत असेल, तर मी तिथला वण शोधते. अंगभर अडकत असेल, तर रक्त तपासते.

हवेचं काय करायचं? दिवसभर पिंजरा ओलाकच्च ठेवणारे आणि वाळवंटासारखा ठेवणारे, दोघांचेही प्राणी माझ्याकडे येतात. माझा आग्रह दिवस-रात्रीच्या फरकाचा असतो. दिवसा व्हेल्डला ३० ते ५० टक्के आर्द्रता चालते, पाने वाळू द्यावीत, हवा खेळू द्यावी. रात्री दिवे बंद, तापमान खाली आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. पहाटे दिवे लागण्याआधी फवारा, म्हणजे उठल्यावर पानांवरचे थेंब चाटता येतात, कारण वाटीतलं स्थिर पाणी बहुतेकांना ओळखू येत नाही. रात्री ह्युमिडिफायर लावायचा तर त्याची टाकी नेमाने घासून धुवायला हवी, नाहीतर वाफेबरोबर जंतू पिंजराभर पसरतात. आणि उष्ण, ओली, कोंडलेली हवा तर नकोच. ओलावा हवा तो गारव्यात. पिंजऱ्याला चिकटवलेलं काट्याचं स्वस्त आर्द्रतामापक मी काढून ठेवायला सांगते आणि अंकांचं वापरायला लावते.

कातीचा तुकडा राहिलाच तर हात आवरावा. कोरडा तुकडा ओढला की खालचा कोवळा थर फाटतो आणि जंतूंना दार मिळतं. कुंडीतल्या झाडावर प्राण्याला बसवावं, न्हाणीघरात शॉवर कोमट करून भिंतीवर मारावा, आणि उडणारे बारीक तुषार त्याच्यावर पडू द्यावेत. टबात बुडवू नये, झाडावरच्या या प्राण्याला त्याची जबर भीती बसते. नंतर ओल्या कापसाच्या बोळ्याने हलकेच फिरवून सुटेल तेवढंच घ्यावं. उरलेलं दुसऱ्या दिवशी. तेल, व्हॅसलीन, माणसांची मलमं नकोत. वेदनाशामक मिसळलेलं मलम तर मुळीच नको, त्यातली बधिर करणारी औषधं एवढ्याशा जिवाला विषारी ठरू शकतात.

शेपटीच्या टोकावर मात्र एवढी सवड नसते. तिथे कातीचं वेटोळं राहिलं की ते वाळून आवळतं, बोटाला घट्ट बांधलेल्या दोऱ्यासारखं. पुढच्या भागाचं रक्त अडतं, तो आधी सुजतो, मग गडद होतो, मग कडक आणि गार पडतो. पुढची कात आली की आधीच्या वेटोळ्यावर दुसरं बसतं. पिंजऱ्याच्या दारात सापडलेली शेपटी, रात्री पिंजऱ्यात सोडून दिलेल्या रातकिड्यांनी कुरतडलेली, एकत्र ठेवलेल्या जोडीदाराने चावलेली, दिव्याने भाजलेली, या सगळ्यांचा शेवटही इथेच होतो. मेलेल्या टोकात जंतू शिरतात. बहुधा ते स्युडोमोनास, एरोमोनास यांसारखे, ओलाव्यात सुखाने राहणारे असतात, आणि मणक्यामणक्याने वर चढतात.

सरपटणाऱ्यांच्या पुवाबद्दल मला प्रत्येक मालकाला समजावून सांगावं लागतं. माणसाचा पू पातळ होतो, कारण आपल्या पांढऱ्या पेशींत त्याला विरघळवणारं एक विकर असतं. यांच्या त्या जातीच्या पेशींत ते नसतं. त्यामुळे यांचा पू घट्ट, कोरडा गोळा होऊन बसतो. तो फोडून वाहत नाही आणि औषध त्याच्या आत पोचत नाही. घरी सुई टोचून काहीही निघणार नाही, नवी जखम तेवढी होईल.

मागे एका मराठी घरातला व्हेल्ड नर आला होता. शाळकरी मुलाचा. उन्हाळा लागल्यावर पिंजरा एसीच्या झोताखाली सरकवला होता, त्याला गरम होऊ नये म्हणून, अगदी मायेने. शेपटीचं टोक काळं, त्याच्यावर सुजलेला पट्टा. मुलाच्या आईने विचारलं, “डॉक्टर, परत येईल ना शेपूट? पालीचं येतं की.” पालीचं येतं. शॅमेलिऑन शेपटी स्वतःहून तोडत नाही आणि गेलेली पुन्हा उगवत नाही. त्याला ती फांदी धरायला लागते, चार पायांइतकीच.

एक्स-रेमध्ये टोकाचे मणके झिजलेले दिसले. हाडापर्यंत जंतू गेले, की नुसत्या अँटिबायोटिकने निभावेल असं मी सांगत नाही. आधी त्याच्या अंगात पाणी भरलं, कारण तहानलेल्या शरीरात वेदनाशामक आणि काही अँटिबायोटिकं मूत्रपिंडाला इजा करतात. कल्चरला नमुना पाठवून सेफ्टाझिडिम हे अँटिबायोटिक सुरू केलं. ते इंजेक्शन दर ७२ तासांनी पुरतं, इतक्या सावकाश त्यांचं शरीर औषध बाहेर टाकतं. मग भूल देऊन सुजेच्या वर, निरोगी भागात, दोन मणक्यांमधल्या सांध्यावर छेद घेतला. टाके कडा बाहेर वळवून घातले, कारण यांची कातडी आत वळते आणि तशी मिटली तर भरत नाही. नराच्या शेपटीच्या बुडाशी त्याची जननेंद्रियं असतात, म्हणून आजार तिथवर चढण्याआधी निर्णय घ्यावा लागतो. या नराची दोन तृतीयांशांहून जास्त शेपटी राहिली. टाके काढायला सहा आठवडे थांबलो. मुलाने फांद्या जवळजवळ आणि आडव्या लावल्या, पिंजरा झोतातून हलवला, आणि पुढची कात शेपटीवरून स्वच्छ निघाली.

जखम अँटिबायोटिकने हलत नसेल आणि तिच्यावर पिवळट-तपकिरी खपली धरत असेल, तर मला बुरशीची शंका येते आणि मी कातडीचा तुकडा तपासायला पाठवते. नॅनिझिऑप्सिस गटातली बुरशी शॅमेलिऑनच्या त्वचेत खोल शिरते. १९९७ साली तिच्यामुळे आजारी पडलेल्या शॅमेलिऑनांची नोंद प्रसिद्ध झाली. यात उशीर झाला की प्राणी हातचा जातो.

अलीकडे पुण्या-मुंबईहूनही मला शेपटीचे फोटो येतात. ते पाहून मी आधी जात ओळखते. फोटोतला प्राणी परदेशी असेल, तर त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी झाली आहे का हे विचारते, आणि जवळच्या, असे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरकडे जायला सांगते. फोटोवरून मी औषध सांगत नाही. पण कधी कधी तो आपल्याकडचाच असतो, शेतातून उचलून आणलेला घोयरा सरडा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्याला संरक्षण देतो, आणि तो घरात ठेवणं गुन्हा आहे. गावोगावी त्याला विषारी समजून दगड घालतात. तो विषारी नाही, आणि त्याच्या चावण्याने माणसाला काही होत नाही. तो जखमी सापडला तर त्याला हवेशीर खोक्यात, धरायला एक फांदी देऊन, सावलीत ठेवा. कात अडकलेली दिसली तरी सोलू नका, पाणी तोंडात ओतू नका, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.