पन्हाळा ते पावनखिंड: पायाला फोड येऊ नये म्हणून

जुलैतल्या सोमवारी शाहूपुरीतल्या माझ्या दवाखान्यात दोन-चार तरुण पेशंट स्लीपर घालून, लंगडत येतात. काय झालं हे विचारावं लागत नाही. शनिवार-रविवारी पन्हाळा ते पावनखिंड मोहीम करून आलेले असतात. जुलै 1660 मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, त्या वाटेने भर पावसात दोन दिवस चालायचं. मसाई पठार, ओढे, भातशेतीचे बांध आणि चिखल!

मीही चाळिशीत एकदा गेलो होतो. एम.डी. झालेला माणूस, पण आदल्या दिवशी घेतलेले कोरे बूट घालून! मसाई पठारावरच उजवी टाच जळजळायला लागली. सगळे पुढे निघालेत, आपण कशाला थांबायचं, म्हणून गप्प राहिलो. मुक्कामाला बूट काढला तर रुपयापेक्षा मोठा फोड.

फोड वरच्या घासण्यामुळे येतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कातडी मोज्याला चिकटून राहते आणि आतलं हाड प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकतं. मधल्या थरांना हजारो वेळा ताण बसतो, कातडीच्या आतला एक थर फाटतो आणि त्या पोकळीत पाणी भरतं. ओलसर कातडी मोज्याला जास्त चिकटते. म्हणून पावसाळी मोहिमेत फोड जास्त.

तेव्हा बूट निदान दोन-तीन आठवडे वापरलेले हवेत. विकत घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, कारण दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो, आणि मोहिमेचेच मोजे घालून मापून बघा. सुती मोजे नकोत, ते भिजले की भिजलेलेच राहतात. आत पातळ सिंथेटिक मोजा आणि वर जाड मोजा घातला, तर घसरण दोन मोज्यांमध्ये होते, कातडी वाचते. दोन कोरडे जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. रात्री मात्र पाय पुसून, उघडे ठेवून झोपा. पावडरीचे ओल्या पायात गोळे होतात, मी ती सुचवत नाही.

मेडिकलमध्ये मिळणारी साधी पेपर टेप सोबत असू द्या. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी 2016 मध्ये 128 लांब पल्ल्याच्या धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. टेप लावलेल्या जागी फोड सुमारे 40 टक्क्यांनी कमी आले. निघण्याआधी कोरड्या पायाला, नेहमी लागतं तिथे, सुरकुती न पाडता लावायची.

आणि जळजळ सुरू झाली की त्याच मिनिटाला थांबा. पाच मिनिटं जातील, जाऊ देत. पाय पुसा, टेप लावा, मोजा बदला. एकदा फोड आलाच तर वरची कातडी काढू नका, तिच्याइतकी चांगली पट्टी नाही. फुटला असेल तर स्वच्छ धुऊन ड्रेसिंग करा. उघडी जखम घेऊन चिखलपाण्यातून चाललात आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना मोहिमेचं आवर्जून सांगा, लेप्टोची शंका घ्यावी लागते. अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांचा 16 वर्षांचा मुलगा 1924 मध्ये मोज्यांशिवाय बूट घालून टेनिस खेळला. बोटाला फोड आला, जंतू रक्तात पसरले, आठवडाभरात तो गेला. तेव्हा अँटिबायोटिक नव्हती.

आज ती आहेत, पण मला काळजी लंगडत येणाऱ्यांची नसते. एका वर्षी माझे एक मधुमेही पेशंट मोहिमेनंतर आठ दिवसांनी, सरळ चालत आले. "दुखत काय न्हाई डॉक्टर, नुसता वास येतोय," म्हणाले. तळव्यावरचा फोड फुटून आत पू झाला होता. नसा बधिर झाल्यामुळे जळजळ त्यांना कळलीच नव्हती. दीड महिना ड्रेसिंग चाललं, बोट कसंबसं वाचलं. तुम्हाला मधुमेह असेल तर जायच्या आधी पायाची संवेदना तपासून घ्या, आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर मोजे काढून दुसऱ्या कुणाला तरी तळवे बघायला सांगा. ते गृहस्थ आता मुलाला सोबत नेतात.