वाळूवरच्या कोंबड्या

१८ फेब्रुवारी
भाऊजींच्या घराचं काम संपलं. पाव ब्रासाहून थोडी जास्त वाळू उरली आहे. नदीची, जाड, धुतलेली. "वहिनी, नेताय का? नाहीतर पहिल्या पावसात वाहून जाईल."

रात्री हिशेब केला. कोंबड्या ठेवते तो गोठा १० फूट बाय ८ फूट. ४ इंचांचा थर द्यायचा तर साधारण २७ घनफूट, म्हणजे पाव ब्रासाहून जराशी जास्त. वजन मात्र सव्वा टनाच्या घरात. भातगिरणीतलं तूस एवढ्याच जागेत १०० किलोच्या आत भरतं. तूस मी एकटी पसरते, वाळूला टेम्पो आणि दोन गडी लागणार. पण एकदा घातली की कुजत नाही.

२३ फेब्रुवारी
वाळू पडली. गोठ्याच्या गव्हाणीकडच्या बाजूला कोबा आहे, दाराकडे नुसती जांभ्याची खडी ठोकलेली जमीन. दोन्हींवर सारखाच थर दिला. अंड्यांच्या खोक्यांत मात्र पेंढाच ठेवला. वाळूवर पडलेलं अंडं तडकायची भीती.

सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय गो, कोंबड्यांस दर्यावर नेलंस काय?"

कोंबड्या बराच वेळ उंबऱ्यापाशीच घुटमळल्या. मग एक तलंग आत शिरली, खड्डा केला आणि पंख पसरून लोळली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी आपापले खड्डे पाडले होते. अंगातल्या उवा झाडायला त्यांना कोरडी माती लागतेच. आता ती घरातच मिळाली. एका कोपऱ्यात चुलीची चाळलेली राख मिसळून दिली.

१० मार्च
सकाळचं काम ठरून गेलं आहे. दाताळ्याने वरचा पातळ थर ओढायचा, चौकटीला ठोकलेल्या जाळीवर टाकायचा, हलवायचा. वाळू खाली, सुकलेली शीट वर. घमेलं भरतं ते रात्री बसायच्या दांड्यांखालूनच. एरवीची शीट सुटून येते. पण प्रत्येक कोंबडी अधूनमधून तपकिरी, लगद्यासारखी शीट टाकते, ती आतड्याच्या आंधळ्या पिशव्यांतली. ती वाळूला चिकटते, जाळीही लेपून टाकते. तिच्यासाठी वेगळी करवंटी ठेवली आहे, आधीच वेचून काढते.

कोंबडी दिवसाला सुमारे १०० ग्रॅम शीट टाकते आणि त्यात चारातले तीन भाग पाणी. आमच्या वीसेक कोंबड्यांची मिळून दोन किलो. म्हणजे रोज दीड लीटर पाणी गोठ्यात ओतल्यासारखं. तूस हे पाणी पितं आणि धरून ठेवतं. वाळू पीत नाही. थोडं वरच्या वर उडतं, उरलेलं कणांमधून खाली उतरतं. सध्या उन्हं कडक, वारा कोरडा. दुपारपर्यंत सगळं खडखडीत.

२२ मार्च
तुसावर असताना यायचा तो डोळ्यांना झोंबणारा वास गेला. शिटेतलं पांढरं असतं ते युरिक आम्ल. ओल मिळाली की जंतू त्याचा अमोनिया करतात. शेडमध्ये अमोनिया २५ पीपीएमच्या वर जाऊ देऊ नये, असं कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणात सांगतात. माझ्याकडे मोजायला यंत्र नाही. कोंबडीच्या उंचीवर वाकून श्वास घ्यायचा; नाक चुरचुरलं नाही तर ठीक.

९ एप्रिल
दुपारी कोंबड्या वरची तापलेली वाळू उकरून खालच्या गार थरात पोट टेकून बसतात. चोची उघड्या, पंख सैल. पाण्याची भांडी दोन जादा ठेवली, विटांवर उचलून. नाहीतर उकरलेली वाळू भांड्यात आणि भांड्यातलं पाणी वाळूत.

काही वाळू त्यांच्या पोटातही जाते. कलेजी-पेट्यातला पेटा म्हणजे त्यांचं जातं. दात नाहीत, म्हणून दाणा तिथे खड्यांनी भरडला जातो. पण या वाळूतून कवचाला चुना मिळत नाही. अंड्याच्या एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं, त्यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळाच ठेवावा लागतो.

२७ एप्रिल
धाकट्या जावेचा भाऊ हर्णैला असतो. त्याने विचारलं, "ताई, आमच्याकडे किनाराभर वाळू, तीच घालू का?" नको म्हटलं. त्या वाळूत मीठ असतं. मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणजे गादी कायम दमट. शिवाय टिपताना जास्त मीठ पोटात गेलं तर कोंबड्यांना बाधतं. आणि सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, नियमांनी किनाऱ्यावरची वाळू उपसायला बंदी आहे.

देशावरच्या मैत्रिणीने क्रश सँडचं विचारलं. दगड फोडून केलेल्या त्या वाळूत पिठासारखी भुकटी फार. पाणी लागलं की ती घट्ट बसते, कोरडी असली की उडते. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, हे दगडखाणीतल्या कामगारांच्या छात्यांनी दाखवून दिलं आहे. घालायचीच तर धुऊन, चाळून, बारीक काढून टाकून.

१४ मे
खुडूक कोंबडीखाली पिल्लं निघाली. त्यांना वाळूवर सोडलं नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि वाळू रात्री थंड पडते. खोक्यात तूस, त्यावर पहिले काही दिवस वर्तमानपत्र, म्हणजे दाणा समजून तूस टिपत नाहीत. बाकी सगळं आई बघते.

१२ जून
पाऊस लागला. ताडपत्री पश्चिमेकडे बांधली, वळचणीचं पाणी चर खणून लांब काढलं.

१६ जुलै
एकच वाळू, एकच छप्पर, पण गोठ्याच्या दोन बाजू वेगळ्या वागताहेत. दाराकडे जांभ्याच्या खडीतून पाणी जिरतं. वाळू दमट आहे, पण दाताळं फिरवलं की सुटी होते. गव्हाणीकडे कोब्यावर पाणी अडलं आहे. वरून वाळू बरी दिसते, बोटभर खाली काळपट, चिकट, आणि उकरलं की अमोनियाचा भपकारा. हवाच पाण्याने भरलेली. वरून काही उडत नाही आणि खाली वाट नाही.

अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात १९९० च्या दशकात ब्रॉयलर वाळूवर वाढवून पाहिले होते. पाइनच्या भुश्यावर वाढलेल्या पक्ष्यांच्या ते तोडीस तोड निघाले. पण तिथल्या शेडला पंखे असतात, हवा फिरवलेली असते. कोकणातल्या जुलैत माझ्याकडे फक्त ताडपत्री.

१९ जुलै
एक तलंग पिसं फुगवून कोपऱ्यात. शिटेत रक्त. दवाखान्यात शीट तपासली: रक्ती हगवण. डॉक्टरांनी पाण्यातून औषध दिलं आणि पहिला प्रश्न केला, "खाली ओल आहे का?" या रोगाची बीजं शिटेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच लागत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली तर एक-दोन दिवसांत पिकतात आणि मग चोचीवाटे पोटात जातात. म्हणून रोजची चाळण कामाची. बीजं पिकायच्या आत बरीचशी बाहेर जातात, आणि कोरड्यात उरलेल्यांचं फार चालत नाही.

२१ जुलै
कोब्यावरची वाळू उपसली. ओली वाळू किती जड, ते पाठीला कळलं. पडवीत पसरून ठेवली. कोब्यावर तूस घातलं, वीतभर. भिजलं की ते काढून नवं घालता येतं. दांड्या उचलून दाराकडच्या वाळूवर नेल्या. जिथे सगळ्यात जास्त शीट, तिथे पाणी जिरणारी जमीन हवी.

२५ ऑगस्ट
तलंग बरी आहे. सासूबाई तिला "दर्यावर्दी" म्हणतात.

८ ऑक्टोबर
ऊन पडलं. पडवीतली वाळू धुऊन वाळवली आणि गोठ्यात परत घातली, पण दाराकडेच. कोब्याकडे तूसच राहू दे. मला ते हवंही आहे. शिटेतलं नत्र आणि तुसातला कर्ब मिळून त्याचं खत होतं. वाळूत कुजायला काहीच नाही. चाळणीवरची सुकी शीट तशीच झाडाला घातली तर मुळं करपतात. तीही तुसाबरोबर खड्ड्यातच मुरते. पडवळ, दुधी आणि मिरच्यांचा वाफा त्यावर चालतो.

वाळूचाही हिशेब मनात आहे. नदीने ती एकदा दिली की लवकर भरून देत नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छोट्या उपशालाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली, ती उगाच नाही. उरलेली मिळाली म्हणून मी घेतली. गोठ्यासाठी मुद्दाम ब्रास मागवणार नाही. आहे ती धुऊन धुऊन वापरायची.

गावातल्या बचतगटातल्या दोघी उद्या बघायला येणार आहेत. त्यांना वाळू दाखवायच्या आधी विचारेन: छप्पर गळतं का, खाली कोबा की मुरूम, आणि रोज सकाळी अर्धा तास दाताळं कोण धरणार. तिन्हींची उत्तरं पटली नाहीत, तर भातगिरणीचा रस्ता सांगेन.