सगळ्यांचं जंगल

दोस्तांनो, 'शिकारी' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण उभं राहतं? मोठाल्या मिशा, हातात बंदूक, एक पाय मेलेल्या वाघावर आणि मागे भिंतीवर सांबराची शिंगं! नाहीतर गलोल घेऊन होले टिपत हिंडणारी गावातली पोरं. पण मी ज्या शिकाऱ्याची ओळख करून देणार आहे, त्यांना मिशा नव्हत्या, वाडा नव्हता आणि स्वतःच्या मालकीची वीतभर जमीनही नव्हती. आयुष्यभर त्यांनी शिकार केली ती सरकारी जंगलात. म्हणजे सगळ्यांच्या जंगलात.

2009 साली मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात शिकायला गेलो. शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहत. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणायचो. अंगणात पक्ष्यांसाठी दाणे ठेवायचे, प्रत्येक पक्ष्याचं नाव सांगायचे. आणि एक दिवस पाहतो तर काय, आजोबा ओट्यावर बसून बंदूक साफ करताहेत!

मी विचारलं, "तुम्हांला पक्षी एवढे आवडतात, मग मारता कसे?"

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "सांगून कळायचं नाही. नोव्हेंबरात माझ्याबरोबर चल."

आजोबांचं लहानपण त्या राज्याच्या उत्तर भागात गेलं. वडील कागदाच्या कारखान्यात कामाला. आठव्या-नवव्या वर्षापासून आजोबा वडिलांच्या मागे जंगलात जायचे, नुसतेच, हात रिकामे ठेवून. बाराव्या वर्षी बंदूक मिळाली, पण दिवसाला काडतुसं तीनच! "त्यामुळे काय झालं," ते म्हणायचे, "बार उडवण्याआधी विचार करायची सवय लागली."

त्यांचा पहिला पक्षी म्हणजे रफ्ड ग्राउज. आपल्या तित्तिराच्या लांबच्या नात्यातला. मोठा गमतीदार पक्षी हं! वसंतात याचा नर पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून पंखांनी हवा अशी काही घुसळतो, की दूर कुठेतरी जुना ट्रॅक्टर सुरू होतोय असं वाटावं. हिवाळ्यात त्याच्या बोटांच्या कडांना फणीसारखे दाते फुटतात, म्हणजे बर्फावर चालायला सोपं. आणि फार थंडी पडली, की हा पठ्ठ्या भुसभुशीत बर्फात सूर मारून आतच झोपतो! हे सगळं आजोबांनी पुस्तकात नंतर वाचलं. आधी पाहिलं होतं, वडिलांच्या मागे चालता चालता.

आता हे सरकारी जंगल आलं कुठून, तेही ऐका. एकोणिसाव्या शतकात उत्तर विस्कॉन्सिनमधले उंचच उंच पांढरे पाईन वृक्ष शहरं बांधण्यासाठी तोडले गेले. उरल्या फांद्यांचे ढीग वाळून कोळ झाले. मग वणवे लागले. 1871 च्या ऑक्टोबरात पेश्टिगो नावाचं अख्खं गाव जळालं, हजाराहून अधिक माणसं गेली. मोकळ्या जमिनीवर लोकांनी शेती करून पाहिली, पण माती हलकी आणि थंडी फार. शेतकरी कर्जात बुडाले, जमिनी सोडून गेले. अशा टाकलेल्या जमिनी घेऊन सरकारने पुन्हा झाडं लावली. 1933 साली तिथे राष्ट्रीय वनं जाहीर झाली. शेक्वामेगन-निकोले या नावाने ओळखलं जाणारं ते जंगल आज पंधरा लाख एकरांहून मोठं आहे. त्यात कुणीही फिरावं, तंबू ठोकावा, मासे धरावेत आणि परवाना काढून, हंगामात, नियमाने शिकारही करावी. गिरणीमालकाला जेवढा हक्क, तेवढाच कामगाराच्या पोराला.

पण 'सगळ्यांचं' म्हटलं की कुणीच काळजी घेत नाही, हाही अनुभव त्या लोकांनी घेतला होता. तिथे पूर्वी प्रवासी कबुतरं होती. 1871 साली विस्कॉन्सिनमध्ये कोट्यवधी कबुतरांनी एकाच वेळी घरटी केली होती. ना परवाना, ना हंगाम, ना मर्यादा! पिंपं भरभरून पक्षी आगगाडीने शहरांत विकायला गेले. जंगलंही तुटत होतीच. 1899 साली बॅबकॉक गावाजवळ त्या राज्यातलं शेवटचं कबूतर मारलं गेलं, आणि 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात 'मार्था' नावाची जगातली शेवटची मादी मेली. विस्कॉन्सिनमध्ये मिसिसिपी नदीकाठच्या एका कड्यावर 1947 साली त्या पक्ष्याचं स्मारक उभारलं गेलं. आजोबा मला तिथे घेऊन गेले होते. बराच वेळ गप्प उभे राहून म्हणाले, "हेही शिकारीच होते. हे विसरून चालत नाही."

म्हणूनच तिथे नियम आले. रानबदकं मारायची तर परवान्याबरोबर एक खास तिकीट घ्यावं लागतं. 1934 साली सुरू झालं तेव्हा त्याची किंमत एक डॉलर होती, आता पंचवीस आहे. ते पत्राला लावायचं नाही. त्याचा जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा राखण्यासाठी जातो. 1937 च्या कायद्याने रायफली, छऱ्याच्या बंदुका आणि काडतुसांवरचा करही वन्यजीवांसाठीच राखून ठेवला गेला.

तर मग नोव्हेंबर 2010. हरणांच्या शिकारीचे नऊ दिवस. एवढ्या दिवसांत त्या एका राज्यात पाच लाखांहून अधिक माणसं बंदुका घेऊन जंगलात असतात! म्हणून तेव्हा सगळ्यांना भडक नारिंगी जाकिटं घालावी लागत. त्या वेळी परवान्याचा नंबरही पाठीवर लावावा लागे, शाळेच्या स्पर्धेत धावणाऱ्या मुलांसारखा. आजोबा अनेक वर्षं मुलांना बंदुकीच्या सुरक्षिततेचे धडे फुकट शिकवत. मी बंदूक घेणार नव्हतो, तरी मलाही धडा झालाच. "प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. आणि नुसतं हरीण दिसून भागत नाही, हरणाच्या मागे काय आहे तेही दिसलं पाहिजे."

पहाटेच्या अंधारात आम्ही एका झाडाला पाठ टेकून बसलो. पायांची बोटं बधिर झाली. दुपारपर्यंत एक खार, दोन सुतारपक्षी, बस्स. एक मादी आली, तिच्यामागे तिचं मोठं झालेलं पाडस. आजोबांनी रायफल उचललीच नाही. दिवस कलायला लागला तेव्हा एक नर झाडीतून बाहेर आला. पांढऱ्या शेपटीचं हरीण. आजोबांनी नेम धरला, श्वास सोडला, आणि बार झाला. हरणाने उडी मारली आणि दिसेनासं झालं.

मी धावायलाच उठलो. त्यांनी माझा हात धरला. "बस. आत्ता पाठलाग केलास तर ते घाबरून मैलभर पळेल, आणि त्रास होईल तो त्यालाच." अर्धा तास आम्ही तसेच बसलो. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता. नेम थोडा मागे गेला होता.

मग शोध सुरू झाला. बर्फावर रक्ताचा थेंब. पुढे दहा पावलांवर दुसरा. जिथे थेंब सापडेल तिथल्या फांदीला ते पांढऱ्या कागदाचा तुकडा बांधायचे, म्हणजे मागे वळून पाहिलं की हरणाची दिशा कळते. अंधार पडला. शिकारीची वेळ संपली म्हणून त्यांनी रायफल रिकामी केली आणि बॅटरी काढली. एका ओढ्यापाशी माग तुटला. मी थंडीने कुडकुडत होतो. म्हटलं, "आजोबा, आता सकाळी पाहू."

ते म्हणाले, "गोळी माझी, तर शोधही माझाच."

ते ओणवे होऊन इंच इंच शोधत राहिले. दूरचा एक अनोळखी शिकारी आमचा उजेड पाहून आला, काही न विचारता शोधायला लागला. अखेर ओढ्यापलीकडे, देवदारासारख्या दाट झाडांखाली हरीण सापडलं. संपलेलं होतं. आजोबांनी टोपी काढली, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसेच बसले. विजयाचा फोटो वगैरे काही नाही. परवान्याची चिठ्ठी बांधली, आणि दुसऱ्या दिवशी वाटेवरच्या नोंदणी केंद्रावर त्याची रीतसर नोंद केली.

मी कोल्हापूरकडचा. रविवारी काळ्या पिशवीतून मटण आणताना त्या बोकडाचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. त्या रात्री तो पहिल्यांदा आला. शिकार मला तेव्हाही आवडली नाही, आजही आवडत नाही. पण मारण्याचं ओझं स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस मी त्या रात्री पाहिला.

त्या राज्यात लांडगे पूर्वी जवळजवळ संपवले गेले होते, आणि हरणांची संख्या पंधरा लाखांच्या वर आहे. ती अशीच वाढली तर कोवळी रोपं खाऊन जंगलच म्हातारं करतील. आपल्याकडची गोष्ट वेगळी. आपल्याकडेही एके काळी परवाने काढून सरकारी जंगलात शिकार चालायची. पण आपला चित्ता 1952 साली नामशेष झाल्याचं जाहीर झालं, वाघ मोजकेच उरले, आणि 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. ते योग्यच झालं. तेव्हा गलोल उचलाल तर खबरदार! थोर पक्षितज्ज्ञ सलीम अलींनीही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. पण त्यांची खरी गोष्ट सुरू झाली ती नंतर, "ही पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती?" या प्रश्नापासून.

आजोबांचे डोळे पुढे अधू झाले. 2014 नंतर त्यांनी बंदूक उचलली नाही. तरी बदकांचं ते तिकीट मात्र ते दर वर्षी न चुकता घेतात. शिकारीला जाणाऱ्याने तिकिटावर सही करायची असते. गेल्या वर्षी त्यांनी मला पाकिटातून एक तिकीट पाठवलं. त्यावर सही नाही. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती : 'तुमच्या जंगलासाठी तुम्ही दर वर्षी काय देता?'

उत्तर मी अजून लिहिलेलं नाही. तुम्हांला सुचलं तर मला जरूर कळवा.