न वाजणारा खुळखुळा

२ जून
झोपेतून उठली की चिऊ पुढे वाकते, दोन्ही हात फाकतात. पुन्हा. पुन्हा. मग रडते. आज सलग १७ वेळा. आत्यांचा विट्याहून फोन. म्हणाल्या, "पोटात कळ येत असंल."

३ जून
पोटाचं नाही. कळ आली तर मोजून येत नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढला.

५ जून
चेन्नईतलं एग्मोर. हॉल्स रोडचं मुलांचं सरकारी रुग्णालय. हे साहुकारपेटची भट्टी बंद ठेवून आले. डॉक्टरांनी व्हिडिओ दोनदा बघितला. लगेच मेंदूचा आलेख. नर्स तारा चिकटवताना "पाप्पा, पाप्पा" म्हणत होती. चिऊ हसली नाही. किती दिवसांत हसली नाही?

८ जून
वेस्ट सिंड्रोम. वेस्ट हे इंग्रज डॉक्टर. १८४१ साली लॅन्सेटला पत्र लिहिलं, स्वतःच्याच मुलाबद्दल. काहीच लागू पडत नव्हतं.
माझ्या पिशवीत गोळ्या आहेत. विगाबाट्रिन.

९ जून, रात्र
डॉक्टरांनी सांगितलेलं विसरायच्या आत.
गाबा नावाचा रेणू मेंदूतच तयार होतो. पेशीच्या दाराला लागतो, दार उघडतं, क्लोराइड आत शिरतं. मिठात असतं तेच. पेशी शांत होते. काम झालं की एक एन्झाइम गाबाला मोडतं. ही गोळी त्या एन्झाइमलाच कायमचं निकामी करते. नवं तयार होईपर्यंत गाबा साठतो.
डायझेपाम या औषधाचं वेगळं. ते गाबा वाढवत नाही, दार जास्त वेळा उघडायला लावतं.
जन्माच्या सुमारास हाच गाबा पेशींना उलट चेतवतो. हे दोनदा विचारून घेतलं.

१० जून
गोळी ५०० मिलिग्रॅमची. १० मिली पाण्यात विरघळवायची, त्यातलं ४ मिली सिरिंजने. सकाळ-संध्याकाळ. थोडं थुंकली.

१२ जून
आज ११ वेळा. फार झोपते.

१५ जून
या औषधाने नजरेच्या कडा जाऊ शकतात. गेल्या तर परत येत नाहीत. समोरचं दिसत राहतं, म्हणून लवकर लक्षात येत नाही. डोळे तपासत राहायचं.
"मग थांबवूया?" ह्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, झटके चालू राहिले तर शिकणं खुंटेल.
चालू ठेवलं. हे जेवले नाहीत. रात्री उशिरापर्यंत मुशीसमोर.

१८ जून
४.

२१ जून
एकही नाही. कुणाला सांगितलं नाही.

२३ जून
एकही नाही. ह्यांच्याकडे बघून हसली. आत्यांना फोन केला.

२४ जून
खुळखुळ्यातले मणी काढून टाकले. मागून, कानाजवळून हळूहळू पुढे आणला. डावीकडे मान वळली. उजवीकडे वळली, जरा उशिरा.
उजवीकडे परत करून बघितलं. वळली.
उद्या पुन्हा.